आंदणाची तांबडी

खारपाडीच्या राहीला आधी ऐकायचं आणि मग बघायचं, असा गावाचा क्रम होता. ती शेताच्या बांधावरून निघाली की आधी तिचा आवाज चिंचेपाशी पोचायचा, मागून जोडव्यांचा खणखणाट यायचा आणि सगळ्यांत शेवटी यायची ती राही. उंच, सावळी, कासोटा घट्ट मारलेला, आणि हात असे फेकत की समोर हजार माणसं बसली असावीत. नवरा कोंडाजी चार पावलं मागे. त्याच्या वाट्याला संवाद फार कमी होते आणि तेवढेच त्याला पुरेसे वाटत.

चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या संपल्या की खाऱ्या पाण्याच्या खाजणाच्या कडेनं भातशेती लागायची, तिथं ही खारपाडी होती. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. स्वराज्याला सात-आठ वर्षं झाली होती, पण गावात डॉक्टर यायचा तो वर्षातून एकदा, देवी टोचायला. गुरांकडे बघायला तर कुणीच यायचं नाही. गुरांचं काय ते राहीला विचारायचं.

राहीचं सगळं बोलणंच गोठ्यातून आलेलं होतं. चैत्रात विहिरीचं पाणी तळाला गेलं की ती म्हणे, "इहीर आटली, आता पाऊस येईस्तवर भाकड." पहिल्यांदा फळ धरलेला फणस तिच्या लेखी पहिलारू. नवा नवरदेव छाती काढून चालायला लागला की ती भर रस्त्यात म्हणायची, "माजावर आलंय बेणं, येसण घाला कुनीतरी." तो बिचारा बांध उतरून चिखलातून घरी जाई.

खारपाडीच्या पोरांना हे शब्द बाराखडीच्या आधी येत. गाय ओरडायला लागली, चारा टाकून दुसऱ्या गुरांवर चढायला लागली की ती माजावर आली. तिला वळू दाखवायचा. पुढच्या पाळीला पुन्हा ओरडली तर ती उलटली, गप्प राहिली तर फळली. फळली ती गाभण. अर्ध्यातच गाभ पडला तर गाभडली. आणि पहिलं वेत होईपर्यंत ती गाय नव्हेच, कालवड.

वळू होता भैरोबाला सोडलेला. त्याचं नाव दिवाण. कुणाच्याही मळ्यात शिरला तरी त्याच्यावर काठी उगारायची नाही, असा नियम. दिवाणाचा प्रवेश बघण्यासारखा असे. आधी लांबून एक हुंकार, मग थांबणं, मग मान वळवून चारी दिशांना नजर, आणि पुरेशी माणसं जमली आहेत अशी खात्री पटली की पुढचं पाऊल. गाय दाव्याला हिसके देत असायची, धनी घामाघूम झालेला असायचा, आणि दिवाण मात्र कुंपणावरची वेल खात उभा. राही म्हणायची, "त्याला घाई न्हाय. घाई तुमाला हाय."

त्या वर्षी चैत्राच्या सुरुवातीला राहीनं आपली लाल कालवड दिवाणाला दाखवली. तिचं नाव तांबडी. पाळीची वेळ आली आणि गेली, तांबडी हूं की चूं बोलली नाही. राही मनात हरखली, कारण वैशाखात तिच्या तुळशीचं लग्न होतं आणि तांबडी आंदण जाणार होती.

मुलीबरोबर सासरी गाय द्यायची, ते आंदण. पण ती गाय दुभती तरी हवी नाहीतर गाभण तरी. भाकड जनावर आंदण देणं म्हणजे पोरीला रिकाम्या ओटीनं पाठवण्यासारखं. आणि त्या गाईला पहिल्या वेताला पाडी झाली तर ती पाडी माहेरच्या गोठ्यात परत यायची. गाय सासरची, तिची लेक माहेरची. दोन्ही गोठ्यांत नातं राहावं म्हणून कुणा शहाण्या म्हातारीनं ही रीत घातली असावी.

तुळशीचं सासर खाडीपलीकडे, कोंडखारला. सासरा बाबाजी मोकळ्या मनाचा, हसरा गडी. नवरा सदू कामाचा. सासू मनुबाई मात्र बुटकी, गोरी आणि कमी बोलणारी. जे बोलायची ते खडीसारखं टोचायचं. राही आणि मनुबाई एका मांडवात उभ्या राहिल्या तेव्हा लोकांनी जेवण सोडून त्यांच्याकडे बघितलं.

बाबाजीनं सहज विचारलं, "कालवड लागलेली हाय ना?"

एवढं निमित्त राहीला पुरलं. तिनं तांबडीच्या पाठीवर हात ठेवला, आवाज चढवला आणि मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचेल असं सांगितलं, "गाभण हाय, इवाय. पौष सरायच्या आत व्याली न्हाय, तर माजी दुभती हौशी तुमच्या दावनीला आनून बांदीन."

मनुबाईनं पदर तोंडाला लावला. "हळू, इहीनबाय. असं आरडू नये."

"का आरडू नये? खोटं हाय का?"

कोंडाजी खोकला. हौशी म्हणजे त्यांच्या घरचं दूध, ताक, तूप, सगळं. तो एवढंच म्हणाला, "झालं."

खाडीकाठी रेवदंड्याच्या धक्क्यावर वऱ्हाड आलं तेव्हा ओहोटी लागत होती. राहीचं म्हणणं, गाय मोठ्या मचव्यातून न्यावी. मचवा यायला वेळ होता आणि पाणी निघून चाललं होतं. माणसं पार नेणारा तरीवाला काळूराम आपल्या छोट्या होडीत गाय घ्यायला तयार होईना. शेवटी बाबाजीनं तोड काढली. दावं हातात धरून तो होडीच्या मागच्या टोकाला बसला आणि तांबडी पाण्यात उतरली. नाक वर, शिंगं वर, मोठमोठे डोळे, आणि मागून पोहत निघाली. धक्क्यावरून राही ओरडत होती, "मान वर धरा, मान वर." पलीकडच्या तीरावर चढून तांबडीनं अंग झाडलं ते नेमकं सदूच्या मुंडावळ्यांवर. दोन्ही तीरांवर हशा पिकला. तुळशी नवी नवरी असूनही खो खो हसली. आयुष्याची सुरुवात अशी हसत झाली तर आणखी काय हवं.

पुढे पावसाळा लागला. खाडीला उधाण, होड्या बंद, निरोप बंद. नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात पडल्या आणि बायजा कोळीण टोपली घेऊन खारपाडीत आली. बायजा दोन्ही तीरांवर मासळी विकायची, आणि मासळीबरोबर बातम्याही. मासळीत ती काटा मारत असेल-नसेल, बातमीत मात्र भरच घालायची.

"राहीबाय," टोपली उतरवता उतरवता ती म्हणाली, "तुजी तांबडी कोंडखारला ओरडतेय. परवा म्हशीच्या पाठीवर चडली. मनुबाय म्हंते, उलटली. म्हंते, येक तर गाभण नव्हतीच, न्हायतर खाडीत पवताना गाभडली. पुढच्या पाळीला वळू दाकवनार."

राहीच्या हातातलं सूप तिथंच थांबलं. "आनि तुळशी?"

"तुळशी काय बोलंल? सासू तिला म्हंते, तुज्या आयशीनं गाय नुसती तोंडानं गाभण केली."

हे वाक्य खारपाडीत संध्याकाळपर्यंत घरोघर झालं. राहीला ते लागलं, पण त्याहून एक धास्ती मोठी होती. गाभण गाईलासुद्धा कधी कधी माज येतो, खोटा माज. राहीनं तो आपल्या हयातीत एक-दोनदा पाहिला होता. अशा वेळी वळू दाखवला तर आतलं वासरू पडायचं. मग मनुबाईचंच खरं ठरणार, हौशी जाणार, आणि तुळशीला जन्मभर ते वाक्य ऐकावं लागणार.

दुसऱ्याच दिवशी ती कोंडाजीला घेऊन तरीवर बसली.

कोंडखारच्या अंगणात मनुबाईनं पाणी दिलं, गूळ दिला आणि मग म्हणाली, "गाय बगायला आलात की लेक?"

"दोगी येकाच गोठ्यातल्या," राही म्हणाली आणि सरळ गोठ्यात शिरली.

तांबडी तिला ओळखून हंबरली. राहीनं तिच्या पोटावर हात फिरवला, शेपटी उचलून पाहिली, मग खाली बसून सड हळूच पिळला. गाभण कालवडीच्या सडातून मधासारखा चिकट थेंब येतो. राहीनं दोन बोटं जुळवली, उघडली. मध्ये बारीकशी तार आली.

"बगा इहीनबाय. तार धरते. गाभण हाय. माज खोटा हाय."

मनुबाई वाकून बघायलाही आली नाही. "माज्या माहेरी म्हशींचा कळप होता. मला नका शिकवू. गोठा गळतोय, सगळं वलं हाय. कशालाबी हात लावला तर तार धरंल."

"म्हशीचा माज मुका, गाईचा बोलका. म्हशीवरनं गाय समजत न्हाय."

"आनि बोलण्यावरनं गाभ धरत न्हाय. मांडवात तुमी आरडला नसतात तर ही पाळीच आली नसती. आमच्याकडं गाभाचं नाव तोंडानं घेत न्हाईत. खाडीचा वारा ऐकतो."

"वारा ऐकतो म्हंता, आनि गाय खाडीत कुनी पवायला घातली?"

बाबाजी ओट्यावरून उठला आणि मागच्या दारानं लाकडं बघायला गेला. कोंडाजीही लाकडं बघायला गेला. दोघांनी मिळून बराच वेळ ती लाकडं पाहिली.

मनुबाई शेवटी म्हणाली, "मी वळू दाकवनार. तुमचा भरवसा धरून बसले आनि पौषात काय झालं न्हाई, तर गाईचं सबंद वरीस वाया."

तोवर तुळशी खांबाला टेकून उभी होती. ती पुढे आली आणि तिनं तांबडीचं दावं सोडून आपल्या मनगटाला गुंडाळलं. "आत्याबाय, गाय माजी आंदनाची. वळू दाकवायचा का न्हाय, ते मी सांगन. न्हाय दाकवायचा."

सुनेनं सासूसमोर एवढं मोठं वाक्य बोलायची पद्धत नव्हती. मनुबाईनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "मग वरीस गेलं तर तुजं गेलं."

परतीच्या होडीत राही बोलली नाही. काळूरामनं दोनदा वळून पाहिलं. त्याला वाटलं, हिला लागलं की काय. निम्म्या खाडीत आल्यावर ती हळूच कोंडाजीला म्हणाली, "तार आली होती वं. पन गोठा खरंच वला होता."

कोंडाजीनं तिच्याकडं पाहिलं, तंबाखू मळली, आणि पहिल्यांदाच आपल्याकडे बोलायला काहीतरी हवं असं त्याला वाटलं. "तुजा हात कदी चुकला न्हाय," तो म्हणाला. राहीला माहीत होतं की हात एक-दोनदा चुकला होता. आणि त्यालाही ते माहीत होतं. तरी त्या बोलण्यानं तिला बरं वाटलं.

भात पिवळं झालं, कापलं, झोडलं. दिवाळीला तुळशी माहेरी आली नाही. पहिली दिवाळी, तरीही. निरोप आला, "मी निगाले की कुनी गाय वळूकडं न्हेल. मी हितंच राहते." राहीनं फराळ बायजाच्या टोपलीतून पाठवला, पापलेटांखाली करंज्या. प्रत्येक खेपेला ती बायजाला विचारायची, "काय म्हंते तांबडी?" आणि कार्तिक संपल्यापासून बायजा, जी एरवी न विचारता चार गोष्टी सांगायची, तीही टोपलीत बघून म्हणायची, "बांगडा घे ताजा."

एकदा राहीनं तिचा हातच धरला. "बायजा, गाभडली का गो?"

"मला काय इचारू नको, राहीबाय. मला बोलायचं न्हाय." आणि ती जी गेली ती पार वेशीबाहेर जाऊनच थांबली.

राहीनं त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं. संक्रांत झाली, तिळगूळ झाले. पौषाचा चंद्र उतरणीला लागला. एका सकाळी राहीनं हौशीला धुतलं, शिंगांना तेल लावलं, गळ्यात नवं दावं घातलं.

कोंडाजी म्हणाला, "पौष सरला न्हाय अजून."

"मागायला येतील मग देऊ, तसं नको. आपन हून नेऊ. पोरीची मान वर राहील."

सगळी खारपाडी बांधावर उभी राहिली. एरवी राहीचं चालणं म्हणजे वाजतगाजत. त्या दिवशी हौशीच्या गळ्यातली घंटाच काय ती वाजत होती. रंगू म्हातारी तेवढी पुढं आली आणि हौशीच्या कपाळावर कुंकू लावून गेली. या खेपेला मात्र राहीनं भरतीची वाट पाहिली आणि गाय मोठ्या मचव्यातून, कोरडीच्या कोरडी नेली.

कोंडखारच्या अंगणात राही हौशीला घेऊन शिरली तेव्हा मनुबाई दारातच होती. कासोटा वर खोचलेला, हात कोपरापर्यंत उघडे.

"ही कुनाची गाय?"

"तुमची," राही म्हणाली. "सबूद दिला होता. घ्या दावं."

मनुबाईनं दावं घेतलं नाही. "माज्या गोठ्यात जागा न्हाय. बांदा तिकडं फणसाला, आनि तोंड गप ठेवा. आत या."

गोठ्यात कोरडा पेंढा पसरलेला होता. तांबडी त्यावर कूस टेकून बसली होती. तिचं पोट, तिची भरून ताठ झालेली कास, शेपटीच्या बुडाशी सैल पडून खचलेली हाडं, हे सगळं राहीनं एका नजरेत पाहिलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"कदीपास्नं?" तिनं विचारलं.

"कार्तिकात पानी पिताना उजव्या कुशीला लाथ दिसली. मी बगितली."

"मग सांगितलं का न्हाय? बायजाजवळ येक शबुद?"

"बायजाला मीच शपत घातली. तुमाला कळलं असतं तर तुमी सगळ्या चौलाला ऐकवलं असतं. मांडवात येकदा आरडला, त्यात गाय खाडीत पवली. दुसऱ्यांदा मी वाऱ्याला ऐकू देनार नव्हते." आणि जरा थांबून, तुळशीकडे न बघता, "पोरीनं इतके दीस गाय राकली. तिची मेहनत वाया घालवू?"

राही काही बोलणार तोच तांबडीनं पाय ताणले. पाणमोट फुटली. मग सासर, माहेर, म्हैस, गाय, सगळे वाद बाजूला राहिले. दोघी विहिणी गुडघ्यांवर बसल्या. दोन इवले खूर आले आणि त्यांवर टेकलेलं ओलं नाक. वासरू सरळ होतं, पण पहिलारू गाय, वाट अरुंद. राहीनं एक पाय धरला, मनुबाईनं दुसरा.

"कळ येऊ द्या."

"आली. वडा."

"हळू. गेली कळ. थांबा."

राही हळू बोलत होती. तुळशीनं नंतर कित्येकांना सांगितलं की आईला एवढं हळू बोलता येतं हे तिला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या-चौथ्या कळेला वासरू पेंढ्यावर घसरलं. मनुबाईनं त्याच्या नाकातला चिकटा पदरानं पुसला, राहीनं छाती चोळली, आणि त्यानं शिंक दिली. तांबडी उठली, वळली आणि खरबरीत जिभेनं त्याला चाटायला लागली.

तुळशीनं मागून पाहिलं. "पाडी."

बाहेर भरती चढलेली होती, म्हणून पाडीचं नाव भरती ठेवलं. गाईची वार पडेपर्यंत दोघीही जागच्या हलल्या नाहीत. मग मनुबाईनं चीक काढला, पहिला देवापुढं ठेवला, उरलेल्याचा खरवस झाला. मोठी वाटी तिनं राहीच्या हातात दिली. "खा. सकाळपास्नं उपाशी दिसता." हौशी फणसाखाली बाबाजीचा चारा खात होती, दुसऱ्या दिवशी ती आली तशी मचव्यातून परत गेली, आणि काळूरामनं विचारलं की हिला खाडीची सहल घडवलीत का.

रीतीप्रमाणे भरती माहेरची. दूध सुटल्यावर न्यायची असं ठरलं. पण मनुबाईचा तिच्यावर असा जीव जडला की दर खेपेला एक नवी अडचण निघायची. एकदा पाडीला खोकला, एकदा पाऊस, एकदा अमावास्या. राहीही फारशी भांडली नाही. पाडी आणायला म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी लेकीकडे जाता यायचं, दोन दिवस राहता यायचं, आणि मनुबाई म्हणायची, "आलात का पाडीचं निमित्त घेऊन? बसा, भाकरी टाकते."

शेवटी महाराष्ट्र राज्य झालं त्या साली भरती खारपाडीला आली. मोठ्या मचव्यातून. तिच्या शेजारी, एक हात तिच्या पाठीवर ठेवून, मनुबाई बसली होती. धक्क्यावर राही, कोंडाजी, बायजा आणि निम्मी खारपाडी. मचवा अजून टेकलाही नव्हता, तर मनुबाई उभी राहिली आणि सगळ्या रेवदंड्याला ऐकू जाईल असं ओरडली, "गाभण हाय, इहीनबाय. मी सवता वळू दाकवला. दिवाळीच्या आत व्यायंल, न्हायतर माजी म्हैस तुमच्या दारात."

राही घोटाभर पाण्यात उतरली, मचव्याची कड धरून वर झाली आणि तिनं आपला हात मनुबाईच्या तोंडावर ठेवला.

"हळू, इहीनबाय," ती म्हणाली. "वारा हाय."

मागं कोंडाजी भरतीचं दावं धरून उभा होता. "झालं," तो म्हणाला आणि गाईला घेऊन खारपाडीची वाट चालू लागला. विहिणींचं लवकर आटपणार नव्हतं.